मळलेली वाट

शुक्रवारी दुपारी चारच्या सुमारास बर्फ पडायचा थांबला आणि साडेचारला फोनवर निरोप आला: "सहा इंच पडलाय. वाट मळायला कोण कोण येतंय?" निरोप इंग्रजीत होता आणि त्यात मळण्याचा शब्द नव्हता, दाबून घट्ट करण्याचा होता. पण गेले पाच हिवाळे मी हे काम करते आहे आणि माझ्या मनात त्याला दुसरा शब्द बसतच नाही. कणीक मळतो तशी वाट मळायची. मळून झाली की रात्रभर तिला हात लावायचा नाही. सकाळी तिच्यावर सायकली घालायच्या, बर्फात चालणाऱ्या रुंद टायरांच्या, ज्यांना इथं फॅट बाइक म्हणतात.

हे सगळं घडतं ते अमेरिकेत, मिनियापोलिसच्या दक्षिणेला, ब्लूमिंग्टनच्या टेकाडाखाली, मिनेसोटा नदीच्या काठानं. इथले लोक त्या पट्ट्याला 'रिव्हर बॉटम्स' म्हणतात. मी सांगली जिल्ह्यातली, कृष्णाकाठची. पहिल्यांदा तिथं उतरले तेव्हा उन्हाळा होता, आणि पायाखालची जमीन बघून मी मोठ्यानं म्हणाले, अरे, ही तर मळी! नदीनं पुरात आणून टाकलेला तोच तलम गाळ, झाडांच्या खोडांवर पुराच्या पाण्यानं मागं ठेवलेली तीच मातकट रेघ. आमच्याकडं मळीत ऊस असतो, इथं कॉटनवूडची आणि रुपेरी मेपलची उंच झाडं आहेत. बीव्हर या पाणकाठच्या प्राण्यानं बुंध्याशी कुरतडलेली खोडं मधूनमधून दिसतात, पेन्सिलीला टोक काढावं तशी. मिनेसोटा हे नाव इथल्या मूळच्या डकोटा लोकांचं. म्नी म्हणजे पाणी. ज्या पाण्यात आभाळाची छटा उतरते ते म्नी सोटा. जानेवारीत त्या पाण्यावर बर्फ असतो आणि बर्फावर पुन्हा बर्फ, त्यामुळं नदी कुठं संपली आणि काठ कुठं सुरू झाला हे नवख्या माणसाला कळतसुद्धा नाही.

त्या संध्याकाळी आम्ही तिघं आलो. एक आमचे म्होरके, वय एकाहत्तर, जन्मभर इलेक्ट्रिशियनचं काम केलेले. दुसरी एक नर्स, रात्रपाळी संपवून दिवसा झोपून आलेली. तिसरी मी. इंग्रजीत सगळेच एकमेकांना नावानं हाक मारतात आणि 'यू' म्हणतात. पण म्होरक्यांचं प्रत्येक वाक्य माझ्या डोक्यात शिरताना मराठी होतं तेव्हा त्यात आपोआप 'तुम्ही' येतं आणि नर्सच्या वाक्यात 'तू'. हे मी ठरवून करत नाही.

साडेपाच वाजताच अंधार पडला होता. कपाळावर दिवे लावून, बुटांखाली स्नोशू, म्हणजे बर्फात पाय बुडू नये म्हणून लावायचे रुंद तळवे, बांधून आम्ही लिंडेल ॲव्हेन्यूच्या टोकाला असलेल्या वाहनतळावरून निघालो. स्नोशूनं वाट मळायची एक रीत आहे. दोघांनी शेजारी शेजारी चालायचं नाही, एकानं अर्धं पाऊल मागं राहायचं, म्हणजे पहिल्याच्या दोन पावलांमध्ये सुटलेला उंचवटा दुसऱ्याच्या पावलाखाली येतो. तिसऱ्यानं मधोमध. पावलं छोटी टाकायची, आपटायची नाहीत, वजन सोडायचं. मांड्या अर्ध्या तासात बोलायला लागतात. नर्स मधल्या जागेवर होती आणि चालता चालता काहीतरी गुणगुणत होती; तिच्या आवाजाच्या लयीवर आम्हा तिघांची पावलं पडायला लागली. जेमतेम दीड हात रुंदीची पट्टी, जाऊन येऊन पाच किलोमीटर. अडीच तास लागले.

नुसत्या चालण्यानं भुसभुशीत बर्फाचं कडक वाटेत रूपांतर कसं होतं, हे मला पहिली दोन वर्षं कळत नव्हतं. ताज्या बर्फाचा कण म्हणजे सहा फांद्यांची नाजूक चांदणी. अशा चांदण्या एकमेकींवर पडतात तेव्हा मध्ये नुसती हवा असते, म्हणून पाय त्यात बुडतो. पावलाखाली फांद्या मोडतात आणि बारीक कण जवळ येतात. खरं काम त्यानंतर, कुणी नसताना चालतं. कणांच्या टोकांवरून बर्फाची सूक्ष्म वाफ निघते आणि जिथं दोन कण टेकले आहेत त्या सांध्यात जाऊन बसते. सांधा भरत जातो, मान तयार होते, कण कणाला धरतो. याला काही तास लागतात. मळल्या मळल्या त्यावर सायकल घातली तर चाक आत जाणार, कष्ट फुकट. आमच्या घरी पोळ्यांची कणीक तिंबून ओल्या फडक्याखाली ठेवलेली असायची आणि मी घाई केली की आई म्हणायची, "तिला जरा बसू दे की." बर्फाला तेच हवं असतं.

बर्फासाठी इथल्या सायकलवाल्यांकडं पुष्कळ शब्द आहेत आणि ते सारे स्वयंपाकघरातले आहेत. थंडीत कोरडा पडून सुटा झालेला बर्फ म्हणजे साखर. उन्हानं विरघळू लागलेला म्हणजे उकडून कुस्करलेला बटाटा. मीही माझे शब्द करून घेतलेत. पिठीसाखर असते ती सर्वांत हलकी, वाऱ्यावर उडणारी. रवाळ बर्फ चाकाखाली सरकतो, त्यावर वळण घ्यायचं नाही. खव्यासारखा असेल तर चाकाला चिकटतो आणि दम काढतो. आणि मुरलेली, मळलेली, उणे पंधरा-वीसच्या थंडीतली वाट चाकाखाली करकर वाजते, नव्या कोऱ्या वहाणेसारखी. त्या आवाजासाठी मी वर्षभर वाट बघते.

शनिवारी सकाळी आठला आईचा फोन आला. तिच्याकडं संध्याकाळचे साडेसात, देवापाशी दिवा लावून झालेला.

"निघालीस का गं?"

"निघतेच आहे आई."

"किती आहे तिथं?"

"उणे एकवीस."

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "गूळपोळी घेतलीस का बरोबर? आणि मागं एकटी राहू नकोस बाई."

"आज शेवटाला मीच आहे. कुणी मागं राहत नाही ना हे बघायचं काम माझं."

"मग तुझ्या मागं कोण?"

त्यावर मी काय बोलले ते आठवत नाही. बहुतेक "ठेवते गं आता" म्हणाले असेन.

संक्रांत होऊन तीन दिवस झाले होते आणि डब्यात पोळ्या होत्या. बर्फातल्या सायकलीला गूळपोळीसारखं खाणं नाही, हे मी अनुभवानं सांगते. दुकानातल्या पौष्टिक वड्या या थंडीत दगड होतात, दाताचा तुकडा पडेल अशा. गूळ, तीळ, खसखस, बेसन आणि तूप यांची पातळ पोळी चार तुकडे करून कागदात गुंडाळायची आणि जॅकेटच्या आत, पोटाशी ठेवायची. अंगाच्या ऊबेनं ती खुसखुशीत राहते. थंडीत शरीराला सतत सरपण लागतं आणि पोळी ते सावकाश पुरवते. ज्यांनी ही पोळी ऐन थंडीच्या सणाला बांधली त्यांना हे नेमकं माहीत होतं.

पाण्याचंही तसंच. बाटली उलटी ठेवायची, कारण बर्फ वरच्या बाजूनं धरतो. उलटी ठेवली की बूच मोकळं राहतं. कपडे निघताना थोडे कमी वाटले पाहिजेत. पहिली दहा मिनिटं थंडी वाजली पाहिजे, कारण एकदा घाम आला की तोच घाम थांबल्या जागी गोठायला सुरुवात होते. उणे वीस अंशांत ताशी वीस किलोमीटरचं वारं असेल तर कातडीला ते उणे तीससारखं लागतं, आणि सायकल चालवताना निम्मं वारं आपणच तयार करत असतो. उघडं राहिलेलं कान-नाक अर्ध्या तासात पांढरं पडू शकतं. बूट दोन मापं मोठे घ्यायचे, आत मोज्यांच्या दोन जोड्या घालूनही बोटं हलली पाहिजेत; आवळलेल्या बुटात रक्त पोचत नाही. हँडलला पोगी लावायच्या. पोगी म्हणजे हँडलवरच चढवलेल्या जाड पिशव्या, त्यांत हात घालून आतूनच ब्रेक आणि गिअर वापरायचे. पहिल्यांदा त्या बघितल्या तेव्हा मला उशीचे अभ्रे आठवले होते. आता त्यांच्याशिवाय मी घराबाहेर पडणार नाही.

मग हवा. हा भाग मला फार प्रिय आहे, कारण इथं सगळी समज उलटी होते. अण्णा, म्हणजे माझे वडील, शाळामास्तर. त्यांची सायकल काळी, चोवीस इंची. रविवारी सकाळी पंप घेऊन ती उन्हात उभी करायचे आणि टायर अंगठ्यानं दाबून बघायचे. दगडासारखा कडक झाला की समाधान. रस्त्यावरच्या सायकलीत ऐंशी-शंभर पौंड हवा चालते. माझ्या या सायकलीचं टायर साडेचार इंच रुंद आहे आणि त्यात मी चार ते पाच पौंड हवा ठेवते. ताज्या बर्फात तीन. त्याचं गणित सोपं आहे. टायरमध्ये चौरस इंचाला जेवढे पौंड, साधारण तेवढाच दाब ते जमिनीवर टाकतं. मी आणि सायकल मिळून पंच्याऐंशी किलो धरले, तर पाच पौंड हवेत दोन चाकं मिळून सदतीस-अडतीस चौरस इंच बर्फावर टेकतात. नव्वद पौंडांत जेमतेम दोन. उंटाचा तळवा वाळूवर पसरतो तसं हे टायर पसरतं.

आणि ही हवा घरात भरून चालत नाही. वीस अंशांच्या उबदार घरात मोजून पाच पौंड भरले आणि उणे एकवीसमध्ये सायकल बाहेर काढली, तर आत राहतात सव्वादोन. हवा कुठंही गळत नाही, ती आकसते. आणि नुसते पाच पौंड आकसत नाहीत, त्यांच्या जोडीला वातावरणाचे पावणेपंधरा असतात तेही आकसतात. पहिल्या वर्षी हे मला माहीत नव्हतं. जमिनीवर रिम आपटत मी चार किलोमीटर चालवली आणि ट्यूबला पंक्चर असणार असं धरून बसले. घरी आणून ठेवली आणि तासाभरात चाक पुन्हा टणक. त्या दिवशी म्होरक्यांनी कागदावर आकडे मांडून मला हे समजावलं. शाळेत शिकलेला वायूंचा नियम वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी अंगठ्याला कळला.

वाहनतळावर आम्ही नऊ जण जमलो. सूर्य वर आलेला, पण त्यात ऊब नाही. हवेत बर्फाचे बारीक कण चमचमत होते. म्होरक्यांनी नेहमीचं सांगितलं. चाकाची चाकोरी एक इंचापेक्षा खोल उमटायला लागली तर हवा कमी करायची, तरीही उमटली तर मागं फिरायचं. पायी चालणारे, पळणारे, कुत्री फिरवणारे यांना आधी वाट द्यायची. ही नदी सगळ्यांची आहे. नदीच्या बर्फावर कुणीही उतरायचं नाही. आणि शेवटचं, जे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं: प्रत्येक वळणावर मागं बघायचं. मागचा माणूस दिसला की पुढं जायचं. दिसला नाही तर थांबायचं.

नदीच्या बर्फाबद्दल मी जरा थांबून बोलते, कारण दर वर्षी कुणीतरी मोह आवरू शकत नाही. चालत्या माणसासाठी किमान चार इंच नवा, स्वच्छ बर्फ हवा, असं राज्याचं निसर्गसंपदा खातं सांगतं. दुधट पांढरा बर्फ असेल तर दुप्पट. तो हिशोब मुख्यतः तळ्याचा. नदी खालून वाहत असते, एका जागी फूटभर बर्फ आणि दहा पावलांवर दोन इंच. वर सहा इंच ताजी रजई पडलेली असताना कुणाला काय दिसणार? कृष्णेचा पूर ज्यानं पाहिला आहे त्यानं नदीला गृहीत धरू नये. बर्फाखाली असली तरी ती नदीच आहे.

आम्ही निघालो. काल रात्री मळलेल्या पट्टीवर, बरोबर मधोमध, पावलांची एक ओळ होती. कोल्ह्याची. एका रेषेत, शिवणीच्या टाक्यांसारखी. तिघांनी अडीच तास खपून केलेल्या वाटेवरून पहिला तो गेला होता. जवळ जवळ एक किलोमीटर त्यानं वाट सोडली नव्हती. पुढं एके ठिकाणी हरणंही वाटेवर येऊन मिळाली होती. खोल बर्फात एकेक पाय उपसत चालणं त्यांनाही जड जातं. कडक पट्टी मिळाली की ती तीच धरतात. नर्स पुढून ओरडून म्हणाली, "बघ, पाहुणे येऊन गेले!" आणि एकापाठोपाठ एक सगळ्यांनी त्या पावलांकडं वाकून बघितलं.

मराठीत आपण मळलेल्या वाटेला नावं ठेवतो. अमक्यानं मळलेली वाट सोडली, असं म्हटलं की ते कौतुक. शाळेत निबंधांतून मीही ते लिहिलं आहे. इथं आल्यावर माझं ते मत बदललं. अण्णा आठवतात. पूर ओसरला की आमच्या गावापासून शाळेपर्यंतची वाट म्हणजे नुसता काळा गाळ. मडगार्डात चिखल अडकून चाक फिरायचं बंद होई आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागे. अण्णा पहिल्या दिवशी कधी निघायचे नाहीत. ओट्यावर उभे राहून म्हणायचे, "म्हशी जाऊ देत आधी. मग वाट होते." म्हशींच्या मागून गुराखी, त्यांच्या मागून डोक्यावर दूध घेतलेल्या बायका, मग शाळेची पोरं; तिसऱ्या दिवशी गाळात एक घट्ट, चकचकीत पट्टी उमटलेली असायची आणि अण्णांची सायकल तिच्यावरून डुलत जायची. लहानपणी मला ते कमीपणाचं वाटायचं, की माझे वडील सर्वांच्या मागून का जातात. आता दर शुक्रवारी रात्री स्नोशू बांधताना मला त्या म्हशी, ते गुराखी आणि त्या दूधवाल्या बायका आठवतात. त्यांनी कधी म्हटलं नाही की आम्ही वाट केली. ते आपापल्या कामाला गेले.

आमच्या शहराच्या परिसरात याचं मोठं काम चालतं. थिओडोर वर्थ पार्कमध्ये आणि ईगनच्या लेबनॉन हिल्समध्ये हिवाळ्यातही सायकलींच्या वाटा घट्ट केल्या जातात, छोट्या यंत्रामागं जड फळी ओढून. लेबनॉन हिल्समधलं ते काम स्वयंसेवक करतात. मी तिथंही जाते आणि तिथली वाट खरोखर सुरेख, सारवलेल्या अंगणासारखी असते. तरी माझा जीव रिव्हर बॉटम्सवर. इथली वाट बहुतांशी येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांनी आणि चाकांनीच होते, त्यामुळं ती कधी तिरकी असते, कधी खड्ड्यांची, कुणाचा बूट खोल गेलेला असतो आणि त्या भोकात रात्री बर्फ गोठलेला असतो. तिच्यावर चालवताना आपल्याआधी कोण आणि कसं गेलं ते कळत राहतं.

अर्ध्या वाटेत सर्वांत तरुण मुलाचं पायडल रिकामं फिरायला लागलं. फ्रीव्हीलच्या आत ज्या खिट्ट्या असतात त्या ग्रीसमध्ये गोठून बसल्या होत्या. पाय फिरत होते, चाक ढिम्म. म्होरक्यांनी खिशातून चार-पाच केबल टाय काढले आणि मागची दातेरी चक्रं सरळ आऱ्यांना बांधून टाकली. आता पायडल आणि चाक एक झालं. पाय थांबवायचे नाहीत, उतारालाही मारत राहायचे, पण घरी पोचता येतं. बांधता बांधता ते सांगत होते, आणि आम्ही सगळे गोल करून पाय आपटत ऐकत होतो.

या सायकलीचा जन्म दोन ठिकाणी झाला. एक अलास्का, दुसरं न्यू मेक्सिकोचं वाळवंट. १९८७ मध्ये अलास्कात इडिटॅरॉड या शर्यतीच्या कुत्रेगाड्यांच्या वाटेवर दोनशे मैलांची सायकल शर्यत झाली, इडिटाबाइक. साध्या टायरांवर माणसं सायकली ढकलतच जास्त चालली. मग तिथले लोक दोन-दोन रिमा एकमेकींना जोडून रुंद चाक करायला लागले. फेअरबँक्सच्या सायमन राकोवर यांनी ४४ मिलिमीटर रुंदीची 'स्नोकॅट' रिम काढली. तिकडं दक्षिणेत रे मोलिना वाळूसाठी जवळपास दुप्पट रुंदीची रिम आणि साडेतीन इंची टायर बनवत होते. बर्फवाल्यांची आणि वाळूवाल्यांची गाठ पडली आणि सायकल पुढं गेली. पण ती हातानं बनवलेली, मोजक्यांची. २००५ मध्ये सर्ली कंपनीनं 'पग्सली' बाजारात आणली, तेव्हा ती सायकलच्या दुकानात साध्या माणसाला मिळू लागली. सर्ली इथलीच, ब्लूमिंग्टनची. आम्ही उभे होतो तिथून टेकाड चढून गेलं की तेच गाव. त्या पग्सलीत एक फार शहाणपणाची गोष्ट होती: पुढचं आणि मागचं चाक अदलाबदल करता यायचं. म्हणजे रानात मागचं फ्रीव्हील गोठलं, तर पुढच्या चाकावर आधीच चढवलेलं दुसरं चक्र मागं आणायचं आणि चालू पडायचं. "ज्यांनी ती बनवली," म्होरके शेवटचा टाय ओढून म्हणाले, "त्यांचे पाय कधीतरी नक्की गारठलेले असणार."

नर्सनं तीन वर्षांपूर्वी ॲरोहेड १३५ ही हिवाळी शर्यत पुरी केली आहे. उत्तरेला कॅनडाच्या हद्दीवरच्या इंटरनॅशनल फॉल्सपासून टॉवर गावापर्यंत, १३५ मैल, म्हणजे सव्वादोनशेच्या आतबाहेर किलोमीटर, ऐन जानेवारीच्या शेवटी. स्टोव्ह आणि कडाक्याच्या थंडीची झोपपिशवी सायकलवर लादूनच निघावं लागतं. ती त्याबद्दल फार बोलत नाही. मी एकदा खोदून विचारलं तेव्हा एवढंच म्हणाली की रात्री दोनला आभाळाखाली स्टोव्ह पेटवून बर्फ वितळवताना तिला तिच्या आजीची फार आठवण आली.

पुढं निघालो आणि मी पडले. वाटेच्या कडेपासून पुढचं चाक चार बोटं बाहेर गेलं असेल. मळलेली पट्टी जिथं संपते तिथं काहीच संपल्यासारखं दिसत नाही, सगळं सारखंच पांढरं. पण चाक तिकडं गेलं की थेट आसापर्यंत आत. पडणं सावकाश होतं, लागत नाही. उठणं अवघड. हात टेकला की खांद्यापर्यंत आत जातो, गुडघा टेकला की कमरेपर्यंत. चष्म्यावर बर्फ, बाहीत बर्फ, पोगीच्या आत बर्फ. डाव्या बुटातून बर्फ मोज्यात गेला होता आणि बोटं आधीच बधिर होती. पुढच्यांचा आवाज झाडांत विरून गेला. आणि मग इतकी शांतता झाली की मला कानात माझंच रक्त ऐकू आलं. आईचा प्रश्न तेव्हा मला शब्दशः ऐकू आला. मग तुझ्या मागं कोण?

मला भीती वाटली हे मी लपवत नाही. उणे वीसमध्ये बधिर पाऊल ही साधी गोष्ट नाही. सायकल आडवी पाडली, तिच्या आडव्या दांड्यावर दोन्ही हात रेटले (हीच युक्ती चालते, रुंद चाकं बर्फावर तरंगतात) आणि गुडघ्यांवर आले. तेवढ्यात वळणावर कुणीतरी दिसलं. आधी तो केबल टाय बांधलेला मुलगा, त्याच्यामागं नर्स, त्यांच्या मागं म्होरके. त्यानं वळणावर मागं बघितलं होतं, मी दिसले नाही, म्हणून थांबला. तो थांबलेला बघून नर्स थांबली. असं करत करत अर्ध्या किलोमीटरची अख्खी माळ थांबून उलटी फिरली होती. नर्सनं मला माझ्याच सायकलवर बसवलं, बूट काढला, मोजा काढला आणि माझं पाऊल तिच्या जॅकेटच्या आत, थेट पोटावर धरलं. मी ओशाळून पाय मागं घ्यायला लागले तर तिनं घोटा घट्ट पकडला. "हलू नको." चार-पाच मिनिटांनी बोटांत मुंग्या आल्या आणि मग कळा. कळा आल्या म्हणजे चांगलं. कोरडा मोजा तिच्याच पिशवीत होता.

त्यानंतर मी शेवटाला नव्हते. म्होरके माझ्या मागं आले. मी काही म्हणण्याआधीच त्यांनी हातानं पुढं हो अशी खूण केली.

जुन्या सीडर ॲव्हेन्यू पुलावर थांबलो. १९२० साली बांधलेला लोखंडी कमानींचा हा पूल लाँग मेडो लेकच्या दलदलीवरून जातो. १९९३ मध्ये मोटारींना बंद झाला, २००२ मध्ये सायकलींना आणि पायी चालणाऱ्यांनाही. चौदा वर्षं तो तसाच गंजत उभा होता. लोकांनी लावून धरलं, पाडू दिला नाही, आणि २०१६ मध्ये दुरुस्त होऊन तो पुन्हा उघडला, फक्त पायांसाठी आणि सायकलींसाठी. आजूबाजूला १९७६ पासूनचं राखीव अभयारण्य आहे, आणि डोक्यावरून विमानतळाकडं उतरणारी विमानं इतकी खाली असतात की चाकं मोजता येतात. मी त्याच विमानतळावर उतरले होते, अकरा वर्षांपूर्वी, फेब्रुवारीत. खिडकीतून खाली सगळं पांढरं बघून पोटात गोळा आला होता. इथं माणसं राहतात तरी कशी, असं वाटलं होतं. खालून बघताना आज मला त्या प्रत्येक खिडकीत कुणीतरी तसंच बसलेलं असेल असं वाटत राहिलं.

उघड्या पाण्याच्या एका तुकड्याजवळ वाळक्या फांदीवर पांढऱ्या डोक्याचा गरुड बसला होता, मान खांद्यांत ओढून. मी गूळपोळीचे तुकडे काढले. नऊ जणांत चार पोळ्या, वाटून वाटून किती येणार? पण तीळ, गूळ आणि तूप तोंडात विरघळलं तेव्हा त्या मुलानं डोळे मिटले आणि हे काय आहे असं विचारलं. मी सांगितलं की आमच्याकडं या दिवसांत हे द्यायचं आणि गोड बोला म्हणायचं. म्होरक्यांनी हातमोजा काढून, उघड्या हातानं तुकडा घेतला. उणे एकवीसमध्ये. देवळात प्रसाद घेताना माणसं घेतात तसा.

परत येताना आमच्याच चाकांनी वाट आणखी घट्ट झाली होती, चाकोरी आता तेलकट चमकत होती. एक बाई कुत्र्याला घेऊन पळत येत होत्या. आम्ही नऊ जण ओळीनं कडेला उतरलो, गुडघाभर बर्फात उभे राहिलो, त्या हात हलवून गेल्या. त्यांच्यामागून साध्या डोंगरी सायकलवर एक शाळकरी पोरगा, त्याची टायरं निम्मी रुंद, तरी वाटेवर तरंगत होती. त्यानं आमच्याकडं बघितलंही नाही. त्याचं सगळं लक्ष चाकापुढच्या दोन हातांवर होतं, आणि ते तसंच असायला हवं होतं.

संध्याकाळी आईला फोन केला. पडले ते सांगितलं, पाऊल कुणाच्या पोटावर होतं तेही सांगितलं. ती म्हणाली, "त्या मुलीला पुढच्या खेपेला दोन पोळ्या जास्त दे." तिच्याकडं पहाट होत होती.

रविवारी रात्री अकराला खिडकीतून पाहिलं तर रस्त्याच्या दिव्याखाली पुन्हा भुरभुर सुरू झाली होती. पिठीसाखर. सकाळपर्यंत चार इंच होईल असा अंदाज होता. स्नोशू हिटरपाशी वाळत पडले होते, उचलून माळ्यावर टाकायचे होते. ते मी तिथंच राहू दिले.